पल्ल्याचे तक्ते आणि आकाशातला निकाल

१/ सीमेवर तणाव वाढला की समाजमाध्यमांवर दोन रकान्यांचे तक्ते झळकू लागतात. डावीकडे आपले लढाऊ विमान, उजवीकडे त्यांचे. खाली वेग, उंची आणि क्षेपणास्त्राचा पल्ला. ज्याचा आकडा मोठा, तो विजयी! माझे प्रतिपादन असे की हे तक्ते नुसते अपुरे नाहीत, ते दिशाभूल करणारे आहेत. आणि इतिहासाने ते वारंवार खोटे पाडले आहेत.

२/ प्रथम ‘पल्ला’ हा शब्दच तपासू. हवेतून हवेत मारा करणाऱ्या बहुतेक क्षेपणास्त्रांचे इंधन काही सेकंदांतच जळून जाते. पुढचा प्रवास मिळालेल्या वेगाच्या पुंजीवर चालतो. प्रसिद्ध होणारा आकडा बहुधा उंचावरून, समोरून वेगाने येणाऱ्या लक्ष्यावर सोडलेल्या क्षेपणास्त्राचा असतो. तेच लक्ष्य पाठ फिरवून पळाले किंवा लढत खालच्या दाट हवेत उतरली, की हा पल्ला झपाट्याने आटतो. एकाच क्षेपणास्त्राचे असे अनेक पल्ले असतात. तक्ता त्यांतला सर्वांत मोठा तेवढा छापतो.

३/ आता १९५८ सालाकडे वळू. २४ सप्टेंबर रोजी तैवानच्या सेबर विमानांनी चीनच्या मिग-१७ विमानांवर अमेरिकी साइडवाइंडर क्षेपणास्त्रे डागली. हवाई लढतीत मार्गदर्शित क्षेपणास्त्राने विमान पाडण्याचा तो पहिला प्रसंग. पुढे सोव्हिएत संघाने याच साइडवाइंडरची नक्कल करून के-१३ हे क्षेपणास्त्र घडवले.

४/ परिणामी १९६५च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबरखाली साइडवाइंडर होते आणि भारताच्या मोजक्या मिग-२१ विमानांसाठी के-१३. ‘अमेरिकी विरुद्ध सोव्हिएत’ असा तक्ता त्या वेळी कोणी मांडला असता, तर ती मूळ प्रत आणि तिची नक्कल यांची तुलना ठरली असती! दोन्ही अस्त्रे शत्रूच्या पाठीमागे जाऊनच डागावी लागत. तेथवर पोहोचण्याचे कसब कोणत्याही रकान्यात मावणारे नव्हते.

५/ याहून बोलके उदाहरण व्हिएतनामचे. अमेरिकेचे फँटम विमान सुरुवातीला तोफेविनाच बनवले गेले. क्षेपणास्त्रांच्या युगात तोफेचे काय काम, असा त्यामागचा विश्वास होता. त्याच्या स्पॅरो क्षेपणास्त्राचा पल्ला कागदावर भव्य. प्रत्यक्षात शत्रूचे विमान डोळ्यांनी ओळखल्याखेरीज मारा करू नये, असे बंधन बहुतेक वेळा होते. तेवढ्या जवळ जाईपर्यंत पल्ल्याचा लाभ संपलेला असे. डागलेल्या दहा स्पॅरोंपैकी जेमतेम एखादे लक्ष्य भेदत असे.

६/ अमेरिकी नौदलाने याची चौकशी केली. कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांच्या अहवालाने क्षेपणास्त्रांच्या निर्मितीपासून हाताळणीपर्यंतचे दोष दाखवले आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणातील उणिवांवरही नेमके बोट ठेवले. १९६९मध्ये मिरामार येथे हवाई लढतीचे विशेष शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. नौदलाचे यशाचे प्रमाण आधी एका विमानामागे शत्रूची सुमारे दोन विमाने असे होते. १९७२पर्यंत ते बारांच्या आसपास गेले.

७/ येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. नौदलाच्या फँटममध्ये अंगची तोफ शेवटपर्यंत बसलीच नाही. उलट अमेरिकी हवाई दलाने आपल्या नव्या फँटममध्ये ती बसवली. पण तशा प्रशिक्षणाची जोड त्या काळात दिली नाही. त्याचे प्रमाण फारसे सुधारले नाही. विमान तेच, शत्रू तोच, युद्धही तेच. निकाल मात्र निराळे. तक्तेवाल्यांनी याचे उत्तर द्यावे.

८/ आपल्याकडचा दाखला २२ नोव्हेंबर १९७१चा. बंगालमधील बोयरा येथे चार चिमुकल्या नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर विमानांना गाठले. नॅटकडे क्षेपणास्त्र नव्हतेच. ३० मिलिमीटरच्या दोन तोफा तेवढ्या. परंतु जमिनीवरील रडार-नियंत्रकाने त्यांना अचूक जागी आणून सोडले होते. दोन सेबर पडली. छत्रीने उतरून बंदी झालेल्या वैमानिकांपैकी परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. त्या नियंत्रकाच्या आवाजाला तक्त्यात कोणता रकाना देणार?

९/ मग यंत्राला महत्त्वच नाही काय? अवश्य आहे. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब आघाडीवर आपण कालबाह्य व्हॅम्पायर विमाने पाठवली. त्याच दिवशी चार गमावली आणि ती आघाडीवरून मागे घ्यावी लागली. एका मर्यादेखाली शौर्यही यंत्राची उणीव भरून काढू शकत नाही. पण ती मर्यादा ओलांडल्यावर निकाल ठरवतात ते प्रशिक्षण, टेहळणी, संपर्क आणि शत्रू-मित्राची ओळख.

१०/ ही ओळख चुकली तर काय होते, हे २७ फेब्रुवारी २०१९ने दाखवले. हवाई चकमकीच्या त्या सकाळी बडगाम येथे आपल्याच क्षेपणास्त्राने आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. हवाई दलाचे सहा जण आणि एक नागरिक मृत्युमुखी पडले. वैमानिकांपैकी एक नाशिकचा होता. ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी ही मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. ते क्षेपणास्त्र तक्त्याच्या हिशेबाने निर्दोषच ठरले असते: पल्ला पुरेसा, नेम अचूक.

११/ म्हणूनच हा वाद निव्वळ हौशी मंडळींच्या करमणुकीचा नाही. लोकमत आकड्यांवर पोसले गेले की लोकप्रतिनिधीही आकडेच मागतात. नव्या विमानाच्या खरेदीला टाळ्या पडतात. वैमानिकांचे उड्डाणाचे तास, सुटे भाग, हवेतून टेहळणी करणारी विमाने, सुरक्षित संपर्कयंत्रणा यांविषयी कोणी विचारीत नाही. त्या उपेक्षेची किंमत तक्ते करणारे मोजत नाहीत; उडणारे मोजतात.

१२/ यापुढे असा तक्ता समोर आला, तर त्याखाली चार प्रश्न अवश्य लिहा. शत्रूला आधी कोण पाहणार? पाहिलेले कोणाला, किती लवकर कळणार? समोरचा शत्रूच आहे, हे कोण ठरवणार? आणि या सर्वांचा सराव वर्षातून किती वेळा होतो? उत्तरे मिळेपर्यंत पल्ल्याच्या आकड्यावर जयघोष करू नये, ही आग्रहाची विनंती.