अंगठीखालचं पाणी

रमजानमध्ये मगरिबच्या आधी मशिदीच्या हौदावर गर्दी असते. वजू करताना वडिलांनी लहानपणी लावलेली सवय हात आजही पाळतो. बोटातली अंगठी घट्ट असेल तर ती फिरवायची, म्हणजे खालच्या कातडीलाही पाणी लागतं. तेवढी जागा कोरडी राहिली तर वजू अपुरा.

माझी भाची एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. परवा इफ्तारला आली तेव्हा हे ऐकून म्हणाली, "मामू, आमच्याकडे फिरवून चालत नाही, काढूनच ठेवावी लागते." पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. नव्यानं लग्न झालेल्या तिच्या मैत्रिणीला हिरवा चुडा उतरवायला लावला, म्हणून सासरी वाद झाला. त्याच थिएटरमध्ये एक मोठे सर्जन पुष्कराजाची अंगठी घालूनच हात धुतात. त्यांना सांगणार कोण?

जागतिक आरोग्य संघटनेची २००९ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. शस्त्रक्रियेसाठी हात धुण्याआधी अंगठी, घड्याळ, बांगड्या काढायच्या; नकली नखं चालणार नाहीत. अंगठीखाली जंतू जास्त साठतात. "ग्लोव्हज असतातच की," असं कुणी म्हणेल. पण ग्लोव्हजला नकळत बारीक छिद्रं पडतात आणि आतल्या उबेत जंतू वाढतात. अंगठीमुळेच जखम चिघळली, असं थेट सिद्ध करणारा पुरावा तोकडा आहे, हेही खरं. पण काढून ठेवायला खर्च शून्य, आणि टेबलावर पोट उघडं ठेवून पडलेल्या माणसानं ती जोखीम का घ्यावी?

१८४७ साली व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी प्रसूती विभागात क्लोरिनच्या पाण्यानं हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले बाळंतिणींचे मृत्यू जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले. तरी डॉक्टरांचे हात अस्वच्छ असू शकतात, हे अनेक डॉक्टरांनाच पटलं नाही. मोठेपणा तेव्हाही आडवा आला.

हा प्रश्न आमच्या समाजापुढेही आला. ब्रिटनमध्ये कोपरापर्यंत हात उघडे ठेवण्याचा नियम झाला, तेव्हा काही मुस्लिम महिला कर्मचाऱ्यांना अडचण वाटली. २०१०मध्ये वापरून टाकून देण्याच्या बाह्यांचा मार्ग काढण्यात आला. हात धुणं मात्र कुणालाच माफ झालं नाही. हेच योग्य आहे.

म्हणून नियम सर्वांना एकच हवा. अकीक असो, पुष्कराज असो, कडं असो की मनगटावरचा दोरा. सर्जन असोत की आया. दागिने ठेवायला रुग्णालयानं कुलपाचे कप्पे द्यावेत, कारण कित्येकींना श्रद्धेइतकीच चोरीची भीती असते. आणि सासरच्यांनो, रिकाम्या हातांना अशुभ म्हणू नका. त्या हातांवर कुणाच्या तरी घरातला माणूस सुखरूप परत येतो.