सतनाम की अमृतपाल?

बालाघाटात क्रिकेटवर वाद घालायला कुणीही भेटतं. बास्केटबॉलसाठी मात्र मला घरचा भाचाच लागतो. वय चौदा, अंगाने ताडमाड. त्याला दूरच्या क्रीडा वसतिगृहात जायचंय आणि ताईचा जीव खालीवर होतोय. त्याचं एकच पालुपद : "सतनामही चौदाव्या वर्षीच गेला होता ना, मामा?"

खरं आहे. पंजाबचा सतनामसिंग भामरा, उंची सात फूट दोन इंच, चौदाव्या वर्षी अमेरिकेत शिकायला गेला. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

दुसरा पंजाबचाच अमृतपालसिंग. उंचीने थोडा कमी, आधी कबड्डीपटू, बास्केटबॉल उशिरा शिकलेला. २०१४ मध्ये वुहानला भारताने चीनला ६५-५८ असं हरवलं, त्या संघात तो होता. पुढे ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून खेळला.

सतनामने दार दाखवलं, हे मोल कमी नाही. पण संघ निवडायचा झाला तर मी अमृतपालला घेईन. रिंगखाली रेटारेटी सोसून चेंडू मिळवणारा माणूस सामन्यात रोज लागतो.

म्हणून भाच्याला सांगितलं, दहावी इथेच कर, सकाळ-संध्याकाळ मैदान गाठ. उशीर झाला म्हणून अमृतपालचं काही अडलं नाही. तो अजून फुरंगटलाय. ताई मात्र काल पोटभर जेवली.

तुम्ही काय सांगितलं असतं?