उचल की वेठबिगारी?

दसरा सरला की बीड जिल्ह्यात धारूर, वडवणी, शिरूर कासारची गावे ओस पडतात. कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, कारखान्याची वाट धरतो. अंगावर मुकादमाची उचल. तिचा हिशेब मात्र मुकादमाच्याच डायरीत! हंगाम सरतो, 'बाकी' फिटत नाही. मग दमदाटी, प्रसंगी माणूस डांबून ठेवणे.

प्रत्येक उचल वेठ नव्हे. पण फेडीच्या नावाखाली सक्तीने राबवणे ही वेठबिगारीच, आणि तिच्यावर संविधानाच्या कलम 23 ने बंदी घातली आहे. 1976 च्या कायद्याने तर असे कर्जच रद्द ठरवले. ते वसूल करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. हे मुकादम सांगणार आहे काय? त्याला पैसा पुरवणारा कारखाना तर नामानिराळाच!

तेव्हा बांधवांनो, उचल घेताना रक्कम, तारीख स्वतःच्या वहीत लिहून मुकादमाची सही घ्या. कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा देऊ नका. उसाच्या वजनाच्या पावत्या जपा. पोलीस 'आपसात मिटवा' म्हणाले, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. हा कायदा राबवणे ही त्यांचीच जबाबदारी आहे.