मुलाखतीतला पहिला प्रश्न

‘स्वतःविषयी सांगा.’ या पहिल्याच प्रश्नाला पनवेलच्या खेड्यातला मुलगा नाव, गाव, पदवी सांगतो आणि गप्प होतो. इस्त्रीचा शर्ट, पाठ केलेली इंग्रजी वाक्ये, सारी तयारी तिथेच संपते.

१९७० मध्ये सिडको आली, जमिनी गेल्या. १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण बळी पडले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. त्या भूखंडासाठी सातबारा, फेरफार, वारस दाखले गोळा करीत याच मुलाने वडिलांबरोबर बेलापूरच्या सिडको भवनात किती खेपा घातल्या असतील! फाईल कुठे अडते, कोणाशी कसे बोलावे, हे त्याला पक्के ठाऊक. कचेरीच्या कामाचा याहून चांगला अनुभव तो कोणता? पण सांगायची लाज वाटते.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. तिथे प्रकल्पग्रस्त म्हणून नोकरीचा हक्क मागावाच. पण मुलाखतीला बसल्यावर या खेपाही सांगाव्यात. आणि मुलगा इंग्रजीत अडखळलाच, तर समोरच्या साहेबांनी ‘मराठीत सांगा’ एवढे म्हणायला काय हरकत आहे?