मरीआईचा गाडा आतां कोण लोटतो?

पटकी आली कीं पूर्वीं गांवोगांवीं मरीआईचा गाडा निघे. नारळ-लिंबू, कोंबडें घालून तो शीवेबाहेर लोटीत. पुढचें गांव तो आपल्या पलीकडच्या शीवेवर लोटी. रोग मात्र गाड्यांत बसून जात नसे. तो विहिरींत, ओढ्यांत आणि उघड्यावरच्या घाणींत मुक्काम करून राही. या अडाणीपणास शहाणीं माणसें हंसत आलीं आहेत. पण आमचा सवाल असा कीं, तोच गाडा आज कचेऱ्याकचेऱ्यांतून फिरत नाहीं काय?

जानेवारी २०२५ मध्यें पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे काय झालें तें आठवा. नांदेड, किरकटवाडी वगैरे भागांत गुलियन-बॅरे नांवाचा रोग उठला. चालतीं-बोलतीं माणसें लुळीं पडलीं. संशयित रुग्ण २०० हून अधिक झाले. कांहींच्या शौचाच्या नमुन्यांत दूषित अन्नपाण्यांतून शिरणारे कँपायलोबॅक्टर जंतु सांपडले. मग घरोघर तपासणी झाली, पाण्याचे नमुने गेले, खात्याचे लोक राबले. हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु हीं गांवें २०२१ सालींच महानगरपालिकेंत आलीं होतीं. नांव शहराचें झालें, पाणी मात्र औषध टाकलेलें पण न गाळलेलें असें विहिरीचेंच राहिलें. अशा वेळीं कोठेंही विचारा; पंचायत म्हणते जिल्हा परिषदेकडे जा, ती म्हणते पालिकेकडे जा, पालिका म्हणते सरकारकडे जा. हाच तो गाडा!

आरोग्य खातें म्हणजे दवाखाना नव्हे. दवाखाना रोग्यास बरें करतो. खात्याचें खरें काम माणसास रोगी होऊं न देणें हें आहे. तें काम चार साध्या गोष्टींचें आहे: पाणी शुद्ध राखणें, मैला पाण्यापासून दूर ठेवणें, लस वेळेवर टोंचणें, आणि एका आळींत चार माणसांस सारखेच जुलाब झाले तर त्याच दिवशीं मूळ शोधणें. नारूचा रोग असाच गेला. त्यास ना लस होती, ना औषध. पायविहिरींत उतरणें बंद करून, पाणी फडक्यानें गाळून प्यावयास शिकवून तो हटविला. शेवटचा रोगी १९९६ सालीं आढळला आणि २००० सालीं देश नारूमुक्त ठरला.

पांचवी गोष्ट विश्वासाची. १८९७ च्या प्लेगांत सरकारनें कायदा केला, पुण्यांत सोल्जर घरांत घातले, तेव्हां लोक भयानें रोगी लपवूं लागले. त्याच वर्षीं ‘दीनबंधु’कार नारायण मेघाजी लोखंडे प्लेगानें गेले, आणि सावित्रीबाई फुले यांनीं रोग्यांची शुश्रूषा करतां करतां १० मार्च रोजीं देह ठेविला. बंदुकीस जें जमत नाहीं तें माणुसकीस जमतें. आज तो विश्वास आशाताई घरोघर फिरून मिळविते, आणि सर्वांच्या वाट्याची घाण सफाई कामगार उपसतो. एकीस पगार नाहीं, कामापुरता मोबदला. दुसरा पुष्कळ ठिकाणीं ठेकेदाराच्या हवालीं! गांवाचें रक्षण ज्यांच्यावर, त्यांच्या पाठीशीं कोणी नाहीं, हा न्याय कोणता?

बंधुभगिनींनो, दोष सारा सरकारचा नाहीं. जत्रेच्या वर्गणीचा हिशेब आपण दहा वेळां विचारतों, टी. सी. एल. पावडर पाण्यांत कधीं पडली, हें विचारतों काय? पोतें उघडें राहिलें तर तिच्यांतला क्लोरीन उडून जातो. मग ती टाकली काय नि पांढरी माती टाकली काय, सारखेंच. येत्या ग्रामसभेंत एवढीच मागणी करा: शेवटच्या नळाच्या पाण्याची क्लोरीन चाचणी रोज व्हावी आणि आंकडा चावडीच्या फळ्यावर लिहावा. तो लिटरास ०.२ मिलिग्रॅमहून कमी भरला तर त्याच दिवशीं जाब विचारा. शेवटचा नळ बहुधा गरिबाच्या वस्तींत असतो. तेथें पाणी शुद्ध पोहोंचलें तरच साऱ्या गांवाचें शुद्ध समजावें.