स्वतःसाठी दमण्याचा हक्क

समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, लगेच ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि मग २१.१ किलोमीटर धावायचं. हे सगळं साडेआठ तासांच्या आत. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ मध्ये ही ट्रायथलॉन स्पर्धा पहिल्यांदा भरली. २०२४ मध्ये मी ती ७ तास ४७ मिनिटांत पूर्ण केली. नंबर वगैरे काही आला नाही. मी खेळाडू नव्हेच. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन गेली बारा वर्षं कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस पाहते. वय ३७, एका मुलीची आई.

परत आल्यावर कौतुक भरपूर झालं. ‘काय इच्छाशक्ती आहे!’ हे बहुतेकांचं पहिलं वाक्य, आणि दुसरं, ‘नशीबवान आहेस, नवरा साथ देतो.’ आमच्या सरावाच्या गटात पुरुष पुष्कळ होते. त्यांच्यापैकी एकालाही कोणी ‘नशीबवान आहेस, बायको साथ देते’ असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्यांच्या घरी रविवारी पहाटे उठून मुलांचं करणारी बाई असणारच, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं.

आमच्या केंद्रात येणाऱ्या एका बाईंनी मात्र नेमका प्रश्न विचारला. पदकाचा फोटो पाहून त्या म्हणाल्या, ‘‘ताई, तुम्हाला एवढा वेळ कोण देतं?’’

ताकदीचा प्रश्न त्यांना पडलाच नाही. पहाटे पाण्याला उठून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला अंगमेहनतीचं अप्रूप कसलं? बाईच्या शरीराला झेपणार नाही, ही शंका खेळाच्या मैदानावरच निघते. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या. त्यांना हे सोसत नाही असं ठरवून ती शर्यत बंद केली, ती १९६० पर्यंत. १९६७ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर धावत असताना एका अधिकाऱ्याने तिच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढायचा प्रयत्न केला. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती थेट १९८४ मध्ये. पण त्याआधी १९५९ मध्येच आपल्या आरती साहा इंग्लिश खाडी पोहून गेल्या होत्या.

डोक्यावर हंडे घेऊन कोसभर चालणाऱ्या बाईला ‘तुला हे झेपेल का?’ असं कोणी विचारत नाही. बाईने घरासाठी, शेतासाठी, देवासाठी दमावं, याला समाजाची हरकत नाही. ती स्वतःसाठी दमायला निघाली की मग तब्येत, मुलं, लोक काय म्हणतील, सगळं आठवतं.

आता वेळेचा हिशोब. मी आठ महिने आठवड्याला साधारण दहा तास सराव केला, म्हणजे दिवसाला ८५ मिनिटं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. मुलं आणि म्हाताऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही. फरक २०१ मिनिटांचा, माझ्या सरावाच्या दुपटीहून जास्त. आमच्या घरी आम्ही कामांची यादी भिंतीवर लावली. डबा, शाळेची बस, भाजी आणि रविवारचा स्वयंपाक नवऱ्याकडे गेला. ही मदत नव्हे, वाटणी आहे, हे दोघांनाही रोज नव्याने शिकावं लागलं. ही कामं सासूबाईंवर किंवा कामाला येणाऱ्या मावशींवर ढकलायची नाहीत, हे आधीच ठरवलं होतं. एका बाईचा वेळ मोकळा करायला दुसरीचा घेतला, तर बदललं काय?

घर सावरलं तरी बाहेर अडतंच. आमच्या गावच्या जलतरण तलावात महिलांची राखीव बॅच सकाळी ११ ते १२ आहे. नोकरी करणारी, मजुरी करणारी, शाळेत शिकणारी, यांपैकी कोण त्या वेळी येणार? पुरुष पहाटे साडेचारला सायकल काढून एकटा जातो. मला सोबत शोधावी लागते, आणि ती आली नाही तर त्या दिवशीचा सराव बुडतो.

काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतात, हा पैसेवाल्यांचा छंद आहे, आपल्या चळवळीत त्याचं काय काम? सायकल महाग, प्रवेश शुल्क महाग, हे खरंच आहे. प्रत्येकीने ट्रायथलॉन करावी असं मी म्हणतच नाही. पण त्या दिवशी मला जे मिळालं ते महाग असायचं कारण नाही. पाण्यात भीती वाटली, सायकलवर ऊन लागलं, धावताना शेवटचे सात किलोमीटर मी अर्धे चालतच काढले. तरीही पावणेआठ तास कोणाचा चहा, कोणाचं औषध, कोणाची फी डोक्यात नव्हती. लग्नानंतर असा सलग वेळ मला पहिल्यांदा मिळाला. हा आनंद वस्तीतल्या मैदानावर कबड्डी खेळूनही मिळू शकतो, पण त्यासाठी मैदान आणि मोकळा तास दोन्ही हवेत.

म्हणून मैत्रिणींनो, तीन गोष्टी सुचवते. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या आठवड्याचे तास कागदावर मांडावेत; घरातल्या पुरुषांचेही मांडावेत. नगरपालिकेच्या तलावात महिलांची बॅच पहाटे आणि संध्याकाळी सातनंतर असावी, कपडे बदलायच्या खोल्यांना कड्या असाव्यात, असा अर्ज सह्या घेऊन द्यावा. आणि शाळेचं मैदान शाळा सुटल्यावर रोज एक तास मुली-बायकांसाठी मागावं. त्या तासाला दिवे आणि आजूबाजूला वर्दळ असावी, हेही अर्जात लिहावं. आमच्या गावात तलावाचा अर्ज तयार आहे, ४० सह्या झाल्या आहेत. तुमच्याकडच्या बॅचच्या वेळा काय आहेत, ते मासिकाच्या पत्त्यावर कळवा. सगळ्या गावांच्या वेळा एकत्र मांडल्या तर मागणीला जोर येईल.