अंगठा आणि अक्षर

सरकारचा कारभार कागदावरून यंत्रावर आला, ही गोष्ट आतां नवी राहिलेली नाहीं. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या आदिवासी खेड्यांत पहिला आधार-क्रमांक देण्यांत आला. १ जुलै २०१५ रोजीं 'डिजिटल इंडिया'चा आरंभ झाला. आज आमच्या वाचकांच्या घरीं मुलगा ओटीवर बसून सातबाऱ्याचा उतारा काढतो, सूनबाई विजेचें बिल भरतात. या सोयीचें आम्हांस कौतुकच आहे. परंतु सुधारणेची कसोटी ओटीवर लागत नाहीं, ती अंगणापलीकडे लागते.

तलासरीकडील एका रेशनच्या दुकानांत आम्हीं पाहिलेला हा प्रसंग. एक वृद्ध वारली बाई यंत्रावर बोट ठेवीत होती. एकदां, दोनदां, तीनदां. यंत्रास ओळख पटेना. जन्मभर विळा धरून आणि डहाणूच्या वाड्यांत चिकूच्या पाट्या उचलून बोटांवरील रेषा झिजल्या होत्या. दहाही बोटें झालीं. "हात तर माझाच आहे ना, बाबा?" एवढें विचारून ती रिकामी पिशवी घेऊन परतली.

घरीं येऊन आम्हीं शोध घेतला. बोट न जुळल्यास बुबुळावरून किंवा मोबाईलवर येणाऱ्या अंकांवरून ओळख पटवावी, तेंही न साधल्यास कार्ड पाहून, वहींत नोंद करून धान्य द्यावें, असें आधार-प्राधिकरणानें ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकांतच कळविलें आहे. नियम होता; तो त्या बाईस ठाऊक नव्हता, आणि शेजारीं उभ्या असलेल्या आम्हां शिकलेल्यांसही नव्हता! पुढील महिन्यांत आम्ही तिच्याबरोबर गेलों. परिपत्रक दाखवितांच दुकानदारानें वही काढली आणि धान्य मोजलें. काम दहा मिनिटांचें होतें.

या मुलखांत अंगठ्याचा इतिहास जुना आहे. न वाचलेल्या कर्जखतावर अंगठा उठे आणि पिढ्या वेठींत जात. लग्नासाठीं कर्ज काढणारा जन्माचा 'लग्नगडी' होई. १९४५ सालीं झरी येथें जमलेल्या वारल्यांनीं ती वेठ नाकारली. गोदावरीबाई परुळेकरांनीं तो लढा 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकांत नोंदविला आहे. आज कागदाच्या जागीं काचेचा तुकडा आला, इतकेंच. 'यंत्र चालत नाहीं' असें सांगून पुन्हा पुन्हा अंगठा घ्यावयाचा आणि रक्कम परस्पर काढावयाची, अशा लबाडीच्या तक्रारी देशांत ठिकठिकाणीं झाल्या आहेत.

म्हणून आमची सूचना लहानशी आहे. घरीं कामास येणारी बाई, वाडीवरील गडी यांना आठवड्यांतून एकदां घरांतील मुलामुलींनीं त्यांचे कागद व पासबुक वाचून दाखवावें. अंगठ्याआधीं रक्कम विचारावी, नंतर पावती मागावी, हें शिकवावें. मात्र त्यांचें कार्ड किंवा गुप्त अंक आपल्यापाशीं ठेवूं नयेत; नाहीं तर सावकाराच्या जागीं आपणच बसूं. हा उपकार नव्हे. अक्षर ज्याला आधीं मिळालें, त्याच्याकडे राहिलेलें हें देणें आहे.